पटलं असं धरू

अंकुशभाऊ,

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर तुमच्या नावाने निरोप आला. तो तुमच्या मुलीने, रेणुकाने लिहिला होता. "मी रेणुका. आण्णा काल दुपारी गेले." मी चहाचा कप खाली ठेवला आणि निरोप पुन्हा वाचला.

निरोपाशेजारी तुमचा नेहमीचा फोटो होता, म्हणजे जळालेल्या मोटारीच्या कॉइलचा. सहा वर्षं मी त्या काळ्या तारेशी बोलत आले. तुमचा चेहरा मी एकदाच पाहिला.

त्या दिवशी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येत राहिली. फुलं, पणत्या, ढगांत जाणारा जिना. आलेलं पुढे ढकलायचं नाही हा आपला नियम. नारळवाल्या सचिनने एकदा शुभ सकाळचा गुलाब टाकला होता, तेव्हा तुम्ही त्याला विचारलंत, "ह्यो गुलाब तू बघितला का? कुठं हाय?" बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी राजूरच्या देवळाबाहेरच्या फुलवालीकडचा खरा गुलाब फोटो काढून पाठवला, खाली लिहिलं, "हा बघितला, भाऊ." मंगळवारी मी एकही चित्र पुसलं नाही. कोणाला विचारणार, हा जिना कुठे आहे म्हणून?

तुमच्याबद्दल चार ओळी लिहा असं ग्रुपमधल्या लोकांनी मला सांगितलं आहे. मी दोनदा सुरुवात केली. जन्म, शिक्षण, पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान, असं लिहिलं आणि फाडलं. जळालेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळणारा माणूस एवढं कळून कोणाला काय कळणार? आणि इतरांना सांगण्यापेक्षा मला तुम्हालाच एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला उशीर झाला आहे, म्हणून हळूहळू सांगते.

'का बरं' हा आपला ग्रुप कसा सुरू झाला हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर मी एक वही ठेवत असे. ज्याला जो प्रश्न पडेल त्याने तो लिहावा, ज्याला उत्तर ठाऊक असेल त्याने खाली लिहावं. निवृत्त झाले त्या दिवशी ती वही मी घरी आणली. आईही त्याच वर्षी गेली होती. जालन्यातल्या मस्तगडच्या दोन खोल्यांत सकाळी उठल्यावर कोणाशी काय बोलायचं, हा माझा स्वतःचा पहिला प्रश्न होता. मग वहीतल्या नऊ-दहा जणांना गोळा करून फोनवर ग्रुप केला. नियम तीन. ढकललेलं नको. उत्तर नेटवर शोधायचं नाही, स्वतः बघून द्यायचं किंवा माहीतगाराला विचारून. आणि ज्याचा प्रश्न, त्याने 'पटलं' लिहीपर्यंत तो उघडा राहील, दुसऱ्याने बंद करायचा नाही. हा तिसरा नियम मी फार विचार करून केला होता. तीस वर्षं टेबलामागे बसून मी पाहिलं होतं, की घाई विचारणाऱ्याला नसते, उत्तर देणाऱ्याला असते.

सचिनच्या सासऱ्यांची मोटार तुमच्याकडे भरायला आली होती, तेव्हा त्याने तुम्हाला ग्रुपात ओढलं. त्याच आठवड्यात त्याने विचारलं होतं, नारळाला तीन डोळे असतात, पण त्यातला एकच मऊ का? त्याचं नारळाचं दुकान, रोज पोत्याने नारळ हाताखालून जातात, तरी त्याला माहीत नव्हतं. तासभर कोणी काही लिहिलं नाही. आपल्याला येत नाही हे पहिल्यांदा कोणी लिहायचं, यातच सगळे अडले होते. आणि मग त्या काळ्या कॉइलशेजारी पहिल्यांदा अक्षरं उमटली.

"मला बी माहीत न्हाई. बघतो."

त्यानंतर पाच मिनिटांत सात जण बोलले.

पुढे हे ठरूनच गेलं. प्रश्न पडला की तुमचं 'मला बी माहीत न्हाई' येणार आणि मग बाकीच्यांच्या तोंडाला वाचा फुटणार. आमच्या घराखाली घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले सलीमभाई तर म्हणायचे, "अंकुशभाईंना काहीच कसं माहीत नसतं, मॅडम? मोठा हुशार माणूस दिसतो."

तुमचे आवाजी निरोप मी पुसलेले नाहीत. त्यात तुम्ही निम्मा वेळ मोजत असता. "ताई, ते चिमण्यांचं मी बघितलं, त्या धुळीत... एकशे अकरा, एकशे बारा, एकशे तेरा... हां, धुळीत लोळत्यात त्या..." हाताने कॉइल गुंडाळताना फेरे चुकले तर मोटार पुन्हा जळते, हे मला तुमच्याकडूनच कळलं. एकदा कावळ्याच्या एका प्रश्नावरून मी न राहवून मध्येच फोन केला. तुम्ही उचललात, बोललात, पाच मिनिटांनी हळूच म्हणालात, "ताई, तुमच्या कावळ्यापायी आकडा गेला माझा. आता सगळी उकलतो अन् पहिल्यापासनं." मी माफी मागितली. "न्हाई, न्हाई. कावळा बी महत्त्वाचा हाय."

विहिरीचं आठवतं? मी लिहिलं होतं, खोल विहिरीच्या तळाशी उभं राहिलं तर भरदिवसा तारे दिसतात असं मी वाचलंय, ते खरं का? तुम्ही लिहिलंत, "मला बी माहीत न्हाई. बघतो. उद्याच एका हिरीत मोटार सोडायची हाय." दुसऱ्या दिवशी वर आल्यावर तुम्ही आतला आवाज पाठवलात. तो घुमत होता. "ताई, पन्नास फुटाला हाय. तारे न्हाईत. एक घार दिसून राह्यली." मागून वरच्या माणसाचं ओरडणं येत होतं.

"अंकुश, पडला का रं?"

"पडलो न्हाई, बघून राह्यलो!"

"काय बघून राह्यला?"

"तारे!"



मी मानलं नाही. ढग असतील म्हटलं. मग म्हटलं विहीर पुरेशी खोल नसेल. तुम्ही आणखी दोन विहिरी उतरलात. मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांना चष्मा हवा असेल. त्यावर तुम्ही लिहिलंत, "ताई, घार दिसली की. तारा घारीपेक्षा मोठा असतोय म्हणत्यात." तरी मला 'पटलं' लिहायला चार महिने लागले. वहीत ती ओळ चार महिने उघडी होती आणि तुम्ही एकदाही, ताई आता तरी म्हणा, असं लिहिलं नाहीत. मला पटायला वेळ लागतोय, यात तुम्हाला काही वावगं दिसलं नाही.

आणि तुमचा चेहरा पाहिला तो दिवस. तुम्ही तार घ्यायला जालन्यात आला होतात आणि घराखालून फोन केलात, "ताई, खाली हाय." मी उतरून आले. तुम्ही मला वाटला होतात त्यापेक्षा बुटके होतात. हातांना वार्निशचा वास होता. रोज फोनवर भांडणारी आपण दोघं, सलीमभाईंच्या दुकानापुढे उभी राहिलो आणि बोलायला काही सापडेना.

"ऊन हाय," तुम्ही म्हणालात.

"हो, आहे. चहा?"

"आत्ताच घेतला."

"बरं."

"मंग निघतो, जीप जाईल."

तुम्ही गेलात. मला वाईट वाटलं. अर्ध्या तासाने निरोप आला. "ताई, तुमच्या जिन्याला सतरा पायऱ्या हायेत का? तुम्ही उतरताना आवाज मोजला." त्या घरात मी जन्मापासून राहते, पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या. उठून मोजल्या. सतरा. तसं कळवलं. "पटलं," तुम्ही लिहिलंत.

आता उतरताना मी मोजते. न मोजता उतरताच येत नाही.

आता ते सांगते.

तुम्ही जायच्या महिनाभर आधी ग्रुपवर चेष्टा चालली होती. मी कोणालातरी दोन पुस्तकांचे दाखले दिले होते. तुम्ही लिहिलंत, "ताई पाऊस आला का न्हाई ते बी पुस्तकात बघत्यात, मंग खिडकी लावत्यात." अकरा जणांनी हसरे चेहरे टाकले. मीही टाकला. मला हसू आलं नव्हतं. तुमच्या मनात काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण ज्या बाईचं आयुष्य पुस्तकांच्या कपाटांत गेलं तिला ते लागलं, आणि मी ते धरून ठेवलं.

पंधरा दिवसांनी तुम्ही विचारलंत. वहीतून जसंच्या तसं उतरवते.

"उन्हाच्या वक्ताला मेंढ्या घोळका करून उभ्या ऱ्हात्यात. जी ती दुसरीच्या पोटाखाली डोकं घालती. पन त्याच्यासाठी एकीला अगोदर थांबावं लागतंय. तिचं डोकं उन्हातच ऱ्हातंय, बाकीच्या येईपर्यंत. तर ही पहिली थांबणारी रोज एकच असती, का पाळीपाळीनं?"

लहानपणी वडिलांच्या मेंढ्यांमागे हिंडलेला माणूस पन्नाशी उलटल्यावर हा प्रश्न विचारतो. तो त्याच्या मनात किती वर्षं असेल? मी तेव्हा असा विचार केला नाही. मी उठले, कपाटातून पशुपालनाचं जुनं पुस्तक काढलं आणि तीन परिच्छेद लिहिले. डोक्यावर लोकर नसते म्हणून ऊन लागतं. नाकात अळ्या सोडणारी एक माशी असते, तिच्यापासून नाक वाचवायला त्या डोकं खाली घालतात. न बघता, न विचारता. माझेच नियम.

तुम्ही शांतपणे लिहिलंत, "ताई, म्या 'का' इचारलं न्हाई. पहिली कोन ते इचारलं."

आणि मी लिहिलं, "कारण कळलं की बाकीचं त्यातच आलं. उत्तर झालं आहे. अंकुशभाऊंना पटलं असं धरू. पुढचा प्रश्न घ्या." वहीत तुमच्या नावापुढे खूण केली.

घाईत नीट वाचलं नाही असं मला म्हणता आलं असतं. पण मी वाचला होता तुमचा प्रश्न, पूर्ण वाचला होता. तो चांगला आहे हेही कळलं होतं. उत्तर माझ्या कपाटात नव्हतं, एवढंच. 'मला माहीत नाही' लिहायला मला जमलं नाही.

"ठीक हाय ताई," तुम्ही लिहिलंत. सहा वर्षांत तुम्ही कशालाच ठीक म्हणाला नव्हतात. तुमचं एक तर 'पटलं' असायचं, नाहीतर 'पटलं न्हाई' आणि खाली चहाच्या कपाचं चित्र, म्हणजे अजून बोलू. त्या दिवशी कप नव्हता. दोन दिवसांनी फोन करावा असं वाटलं. मग वाटलं, कॉइल गुंडाळत असाल, आकडा जाईल. पुढच्या आठवड्यात करू. अशा सबबी मला चांगल्या सुचतात. मग मंगळवार आला.

तुम्ही गेल्यानंतर चौथ्या दिवशी सलीमभाईंनी खालून हाक मारली. "मॅडम, फोन बिघडला क्या? तीन दिवस झाले, वरून टिंगटिंग बंद. आणा, बघतो."

"फोन चांगला आहे, सलीमभाई."

त्यांनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली ओढलं.

पाचव्या दिवशी सचिनने लिहिलं, "ताई, भाऊंचे सगळे प्रश्न पटले होते ना? वहीत बघून सांगा. एखादा राह्यला असला तर आपण शोधू." त्याने सहज विचारलं होतं. मी वही काढली. तुमच्या नावाच्या एकशे चौतीस ओळी. सगळ्यांपुढे खूण. शेवटची खूण माझी. मी सचिनला उत्तर दिलं नाही.

तेराव्याची गर्दी ओसरल्यावर मी तुमच्या गावाला आले. घनसावंगीपर्यंत बस, पुढे जीप. जीपमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "कोण लागतात तुमचे?" ग्रुपमधले म्हटलं तर तिला वाटलं बचत गटातले. "हप्ता भरून गेले का?" तिने काळजीने विचारलं. मी हो म्हटलं.

दुकान रेणुकाने उघडं ठेवलं आहे. ती तुमच्यासारखीच बुटकी आहे. मला पाहून उठली. "तुम्ही पुस्तकवाल्या ताई ना? बसा. त्या स्टुलावर नका, ते हालतंय." पाणी दिलं. मग म्हणाली, "तुम्हाला एक दाखवायचंय." तुमच्या बसायच्या जागेमागच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं. सोम, भुरी. मंगळ, भुरी. बुध, कानकापी. गुरु, गेलो न्हाई. शुक्र, भुरी. शनि, नीट दिसलं न्हाई. रवि, कानकापी. त्याखाली पुन्हा 'सोम' लिहिलं होतं. पुढे काही नव्हतं.

"दुपारचं जेवण सोडून रानात जायचे," रेणुका म्हणाली. "हरिकाकाच्या मेंढ्या बघायला. आई ओरडायची."

"ग्रुपवर का नाही टाकलं हे?"

"म्या बी तेच म्हणलं त्यांना. तर म्हणले, ताईंनी प्रश्न बंद केलाय. आता हे टाकलं तर चारचौघांत त्यांचं खोटं पडंल. ऱ्हाऊ दे. महिनाभर बघतो बराबर, मंग त्यांना एकटीलाच फोन करून सांगतो."

मी पाणी प्यायले. ग्लास रिकामा होता तरी पुन्हा तोंडाला लावला.

दुपारी रेणुका मला रानात घेऊन गेली. तुमचे चुलतभाऊ हरिभाऊ बाभळीखाली बसले होते. "अंकुश बी इथंच बसायचा," ते म्हणाले. "काय करतो रं म्हणलं तर म्हणायचा, तुझ्या मेंढ्यांची हजेरी घेऊन राह्यलो."

"तुम्हाला काय वाटतं, पहिली कोण थांबते?"

त्यांनी कळपाकडे पाहिलं. "चाळीस वर्सं झाली मेंढ्यांमागं. कोणी इचारलंच न्हाई."

"भुरी कोणती?"

"ती काय, मागं राह्यली ती. कानकापी पल्याड."

ऊन डोक्यावर आलं. मेंढ्या चरता चरता रेंगाळल्या. आता होणार असं मला वाटलं, आणि ते लिहून घ्यावं म्हणून पेन काढायला मी पिशवीत हात घातला. मान वर केली तोवर सगळ्यांची डोकी एकमेकींच्या पोटाखाली गेलेली. नुसत्या पाठी दिसत होत्या, लोकरीच्या.

"बघितली का?" हरिभाऊंनी विचारलं.

"नाही. पेन काढत होते."

ते हसले. रेणुकाही हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. तुम्ही असता तर पाऊस, पुस्तक आणि खिडकी पुन्हा निघाली असती. या वेळी मला हसू आलं असतं.

"मंग उद्या या," हरिभाऊ म्हणाले.

मी शेवटच्या जीपने परत निघाले. घरी येऊन वहीतली खूण खोडली, खोडल्याचं दिसेल अशी. मग ग्रुपवर लिहिलं, "अंकुशभाऊंच्या शेवटच्या प्रश्नाला पटलं असं मी म्हटलं होतं. त्यांना पटलं नव्हतं. ते मला माहीत होतं."

कोणी काही लिहिलं नाही. बराच वेळ. सगळे वाचत होते, ते दिसत होतं.

शेवटी सचिनचा निरोप आला. "मंग आता पटलं कोण म्हणणार, ताई?"

"कोणीच नाही. ज्याचा प्रश्न, त्यानेच म्हणायचं."

"अन् पहिली कोण थांबती ते?"

"मला माहीत नाही," मी लिहिलं. "बघते."

त्यानंतर एकेक जण बोलू लागला.

मला माफ करा, असं मी तुम्हाला त्या पंधरा दिवसांत कधीही लिहू शकले असते. लिहिलं नाही. तुमचा तो महिनाभरानंतरचा फोन मला आला असता, तुम्ही मध्येच मोजत राहिला असता, आणि मी आकडा पूर्ण होईपर्यंत थांबले असते. त्या फोनची मी आता वाट पाहते, त्याला काही अर्थ नाही हे कळूनही.

हरिभाऊंच्या मेंढ्या पाऊस पडेपर्यंत त्याच रानात आहेत. बुधवारी मी पुन्हा जाणार आहे, पेन न घेता. खडूची भिंत रेणुकाने पुसलेली नाही. वहीत तुमच्या नावाच्या एकशे चौतीस ओळी आहेत, आणि शेवटची उघडी आहे.